हळदीची गाणी आणि डब्यातली कॅसेट

काशीदच्या किनाऱ्यावर सुट्टीच्या दिवशी सुरूच्या बनाशी गाड्या लागल्या, की गाण्यांना ऊत येतो. त्यात कोळीगीत हमखास असतंच. पण या गाण्यांचा आवाज किती बदलत गेला, हे कधी कान देऊन ऐकलंत का?

‘मी डोलकर’चंच पाहा. शब्द शान्ताबाई शेळक्यांचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, गायले हेमंतकुमार आणि लताबाई. यांतलं कोळीवाड्यातलं कुणीच नव्हे! तरी गाणं दर्याचंच वाटतं. मात्र रात्रभर चालणारा हळदीचा गाण्यांचा रंग रेकॉर्डवर तीन-चार मिनिटांत बसवावा लागे.

मग 1980 नंतर घरोघर कॅसेट आली. किंमत आवाक्यातली आणि साठ मिनिटं हाताशी! वेसाव्याच्या ‘वेसावकर आणि मंडळी’ची गाणी आपल्या बोलीत, आपल्या ठसक्यात लग्नमांडवात वाजू लागली. ‘वेसावची पारू’ ठाऊक नाही असं घर विरळा. पुढे ढोलकीच्या जोडीला कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले, ठेका वाढला. आता तर डीजे त्याच गाण्यांखाली असा धमधमाट घालतो, की शब्द शोधावे लागतात.

नाचायला हे छानच. त्यात मंडळींचा काय दोष? पण आपल्या रायगडात आगरी-कोळ्यांच्या लग्नांत एकेका विधीला धवले गाणारी धवलारीण असते. तिच्या गाण्याला ना वाद्य ना धावता ठेका. ते डीजेवर चढत नाही, आणि जे वाजत नाही ते पोरींच्या कानी पडत नाही. आज एखादी धवलारीण थकली, तर तिच्याबरोबर कितीतरी गाणी जायची.

म्हणून एवढं कराच. घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या बायांना विचारून त्यांची गाणी मोबाइलवर घ्या. पंखा, टीव्ही बंद ठेवा. सुरुवातीला गाणं कोणत्या विधीचं, कोणत्या गावचं, हे त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. नक्कल दोन ठिकाणी ठेवा.

जुन्या कॅसेट असतील, तर खाऱ्या दमट हवेपासून जपा. घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात उभ्या ठेवा. औषधाच्या बाटलीतली ओल शोषणारी पुडी आत टाका. स्पीकरजवळ नको, त्यात लोहचुंबक असतो. कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन्ही चिमुकल्या पट्ट्या मोडल्या, की चुकून दुसरं काही टेप होत नाही. पांढरी बुरशी दिसली तर लावू नका. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या.

आणि पुढच्या हळदीला डीजे लागण्याआधी अर्धा तास धवलारणीसाठी मागून घ्या. घरच्या बायकांनी एकमुखानं मागितलं, तर नाही कोण म्हणेल?