म्हणे खुशीने विकली!

आमच्या पाड्यावर एका घरात कुडाच्या भिंतीला जुना फोटो टांगलेला आहे. दोघे सख्खे भाऊ. थोरला खुर्चीवर बसलेला, धाकटा त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा. डोक्याला नवे फेटे, अंगात कोट. पाठीमागे तालुक्याच्या फोटोवाल्याचा शिक्का आणि साल 1963. दोघेही आता नाहीत. ज्या नऊ एकरांत त्यांनी नांगर धरला, त्याच नऊ एकरांत त्यांची पोरं आज सावकाराची सालदारकी करतात.

गेल्या महिन्यात जमीन परत मिळण्याच्या अर्जाची सुनावणी झाली. साल दाखवायला म्हणून आम्ही हा फोटो नेला होता. सावकाराच्या वकिलाने तोच उचलला. म्हणाला, "साहेब, नवे फेटे, अंगात कोट! जबरदस्ती झालेली माणसं असा फोटो काढतात का? यांनी खुशीने विकली." कचेरीतली माणसं हसली.

हसा. पण फोटो नीट बघा की!

कोटाखालचे पाय बघा. अनवाणी आहेत. कोट फोटोवाल्याचा. तोच कोट, तेच तुटकं बटण, आमच्या पाड्यातल्या आणखी तीन घरांच्या फोटोंत आहे. त्या तिन्ही घरांची जमीनही त्याच सावकाराकडे आहे. धाकट्याचा डावा अंगठा बघा. काळा आहे. सकाळी रजिस्ट्रीच्या कचेरीत अंगठा घेतला, दुपारी फोटोवाल्याकडे नेलं. थोरल्याची बायको अजून आहे. ती म्हातारी सांगते, फेटे आणि फोटो यांचे पैसे सावकाराने दिले आणि दिवाळीला ते कर्जातच मांडले. कर्ज तरी कशाचं? धाकट्याच्या लग्नाचं देज आणि एका पावसाळ्याची ज्वारी. "गहाण आहे, कर्ज फिटलं की जमीन तुमची," असं सांगितलं होतं. कागद निघाला खरेदीखताचा.

याला खुशी म्हणतात?

आणि खुशीचा वाद वकील काढतात तरी कशाला? कायद्यापुढे टिकत नाही म्हणून! 1974 चा कायदा खुशी विचारतच नाही. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात आदिवासीची शेतजमीन विक्री, गहाण, बक्षीस, अदलाबदल, पट्टा अशा कोणत्याही मार्गाने बिगर-आदिवासीकडे गेली असेल आणि शेतीचीच राहिली असेल, तर ती परत द्यायची. मूळ मालक मेला असेल तर वारसाला. ती स्वतः कसायची, आणि आकाराच्या 48 पटीच्या आत रक्कम भरायची. सुधारणेचे पैसे निराळे, पण हप्ते मिळतात. अर्जाची वाट न बघता कलेक्टरने स्वतःहून चौकशी करावी, असंही त्यात आहे. आमच्या पाड्यावर चौकशीला कोणी आलेलं आम्ही पाहिलं नाही. सावकाराची जीप मात्र रोज येते.

भाऊबंदांनो, बायांनो, भिंतीवरचे फोटो उतरवा. मागचा शिक्का बघा. पेटीतल्या पावत्या, जुना सात-बारा, फेरफाराचा उतारा, जे असेल ते काढा. शाळेत जाणाऱ्या पोराकडून साल वाचून घ्या. तलाठी उतारा देत नसेल तर संघटनेला कळवा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका, "तडजोड करू" म्हणणाऱ्याच्या ओट्यावर बसू नका.

मागल्या वेळी कचेरीत आम्ही तिघेच होतो, म्हणून त्यांना हसता आलं. या वेळी चारी पाड्यांनी जायचं. म्हातारीला पुढे बसवायचं, फोटो तिच्या हातात द्यायचा. मग बघू कोण हसतं.

कसेल त्याची जमीन! जमीन आमच्या हक्काची!