भारी पाय

हिंदीत गरोदर बाईला 'पाँव भारी' म्हणतात. आपल्या खानदेशात हिंदी-गुजरातीची सरमिसळ असल्याने हा वाक्प्रचार इथेही कानावर पडतो. म्हणणाऱ्याच्या मनात कौतुकच असतं. पण जिचे पाय लग्नाआधीपासूनच खरोखर भारी असतात, तिचं गरोदरपण कसं जात असेल? आज त्याविषयी लिहायचं आहे. काहींना विषय बायकी वाटेल, तरी पुरुषवाचकांनीही शेवटपर्यंत वाचावं ही विनंती. दवाखान्याचे पैसे आणि गाडीची किल्ली अजून बहुतेक घरांत त्यांच्याकडेच असते ना!

लिपिडिमा नावाचा एक आजार आहे. मूळ शब्द ग्रीक. 'लिपोस' म्हणजे चरबी आणि 'ओइडेमा' म्हणजे सूज. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या अ‍ॅलन आणि हाइन्स या दोन डॉक्टरांनी १९४० साली त्याचं वर्णन केलं. हा जवळजवळ फक्त बायकांना होतो. दोन्ही पायांत कमरेपासून घोट्यापर्यंत सारखीच चरबी साठते, काहींच्या दंडांतही. पाऊल मात्र बारीकच राहतं. त्यामुळे घोट्यापाशी, पैंजण घालतो तिथे, कडं बसवल्यासारखी घडी दिसते. पाय दाबले की दुखतात, जरा कुठे लागलं की काळंनिळं पडतं. वरचं अंग सडपातळ आणि खालचं जड, असंही पुष्कळदा असतं. घराण्यात आई, मावशी, आजी कुणाचे तरी पाय असेच असतात.

नेमकं कारण अजून पुरतं उलगडलेलं नाही. पण पाळी सुरू होताना, गरोदरपणात आणि पाळी जाताना, म्हणजे शरीरातले हार्मोन्स बदलतात तेव्हा तो सुरू होतो किंवा वाढतो असं पुष्कळ जणींच्या बाबतीत दिसतं. प्रत्येकीचा वाढतोच असं नाही. मुख्य गोष्ट ही की ही चरबी उपास करून उतरत नाही. चेहरा उतरतो, छाती उतरते, पाय तसेच राहतात.

आता मी हे का सांगत बसले आहे? माझ्या भावाची मुलगी सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी आली. निवृत्तीनंतर मी इथे कळसाडीतच, भावाच्या शेजारी राहते. (तिला विचारूनच लिहिते आहे. नाव देत नाही, नातेवाईक ओळखतीलच!) तिचे पाय कॉलेजात असल्यापासून जड. सासरच्या गावातल्या एका दवाखान्यात तिला पहिल्याच भेटीत सांगितलं गेलं, "वजन फार आहे, भाकरी-भात बंद करा." पायाला कुणी हात लावून पाहिलं नाही. बिचारीने तीन महिने दोन वेळा सूप आणि काकडीवर काढले. वजन फारसं हललं नाही, पाय तर तसूभरही नाहीत. मला म्हणाली, "आत्या, मी चोरून खाते असं सगळ्यांना वाटतं. आता मलाही वाटायला लागलंय की झोपेत उठून खात असेन."

शहाद्याला एका बाई डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी आधी नडगीवर अंगठा दाबला, मग पायाच्या दुसऱ्या बोटावरची कातडी चिमटीत धरून पाहिली. मग विचारलं, "तुझ्या आईचे पाय कसे आहेत?" माझ्या वहिनीने लुगड्याचा काठ जरा वर केला आणि डॉक्टर हसल्या. निदानाला जेमतेम पाच मिनिटं लागली. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. हिमोग्लोबिन ८.८! गरोदरपणात ते ११ च्या खाली गेलं की पंडुरोग धरतात.

मला जे म्हणायचं आहे ते इथून सुरू होतं. आपला नंदुरबार जिल्हा कुपोषणासाठी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यामुळे इथे गरोदर बाईच्या कार्डावरचं वजन बघणारी नजर बारीक बाई शोधते. जाड पायांची बाई काट्यावर उभी राहिली की आकडा भरघोस येतो आणि 'खात्यापित्या घरची दिसते' म्हणून नजर पुढे सरकते. किंवा उलट, तिला खाणं कमी करायला सांगतात. म्हणजे बाकीच्या बायकांना 'दोन जिवांची आहेस, दोघांचं खा' आणि हिला मात्र एकटीचंही पुरतं नाही. पायातली चरबी काही पोटातल्या बाळाला लोह देत नाही, की प्रथिनं देत नाही. माझं स्पष्ट मत असं, की लिपिडिमा असलेल्या बाईला गरोदरपणात उपाशी ठेवणं हा अन्याय तर आहेच, धोकाही आहे. या नऊ महिन्यांत पाय बारीक करणं हे उद्दिष्टच नको. तिचं दुखणं कमी व्हावं, चालणं-फिरणं चालू राहावं, रक्त भरावं, आणि खरा धोका आला तर तो ओळखता यावा, एवढं साधलं की पुष्कळ झालं.

खरा धोका म्हणजे काय, ते नीट सांगते. जिचे पाय कायमच जड, ती नव्या सुजेकडे दुर्लक्ष करते आणि घरचेही करतात. गरोदरपणातली साधी सूज संध्याकाळी पावलांवर येते, अंगठा दाबला की खळगा पडतो आणि पाय वर करून झोपलं की सकाळपर्यंत उतरते. लिपिडिमात पावलं सुजत नाहीत आणि खळगा सहसा पडत नाही. पण विसाव्या आठवड्यानंतर चेहरा आणि हात एकाएकी सुजले, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, बरगड्यांखाली दुखलं, तर तो रक्तदाबाचा प्रकार असू शकतो. दाब १४०/९० किंवा त्यावर गेला की घरी थांबायचं नाही. तसंच एकच पाय अचानक सुजला, गरम आणि लाल झाला, पोटरी दुखली, तर शिरेत गुठळी झालेली असू शकते. त्यात दम लागला तर मिनिटभरही वाट पाहायची नाही. अशा वेळी 'तिचे पाय असेच आहेत' हे वाक्य जीव घेऊ शकतं. एक लहानशी गोष्ट आणखी. दंड जाड असेल तर दाब मोजायचा पट्टा मोठा लागतो. लहान पट्ट्याने आकडा खोटाच जास्त येतो. मोठा पट्टा मागण्यात लाज कसली?

आपल्याकडे जाड पाय म्हटलं की हत्तीपाय आठवतो, म्हणून भाचीच्या सासूबाईंनाही तीच भीती होती. हत्तीपाय डास चावून होतो. त्यात बहुधा एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त सुजतो, पाऊलही सुजतं आणि कातडी जाड होते. लिपिडिमा हा संसर्ग नव्हे. तो कुणाकडून कुणाला लागत नाही.

आता उपाय. डॉक्टरांनी भाचीला मापाचे दाबमोजे दिले, पोट मोठं होईल तसं माप पुन्हा घ्यायला सांगितलं. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी चढवायचे, रात्री काढायचे. मे महिन्यात आपल्याकडचं ऊन डोकं फिरवतं, तेव्हा दिवसभर ते सोसत नाहीत. त्यावर त्यांनी सांगितलं, सकाळचे चार-पाच तास घातले तरी चालेल, पण मनाने क्रेप बँडेज आवळून बांधू नका. पाण्यातला व्यायाम या आजाराला फार चांगला, पाण्याचा दाबच पायांना आधार देतो. शहरातल्या मुलींना तरण तलाव मिळत असेल तर डॉक्टरांना विचारून जरूर जावं. कळसाडीत कुठला तलाव! पाटाच्या पाण्यात गरोदर बाईला उतरवण्याचा वेडेपणा कुणी करू नये. आमची भाची पहाटे पपईच्या शेताकडच्या रस्त्याने सावकाश चालून येते. बसल्या जागी घोटे वर-खाली करते. दुपारी डाव्या कुशीवर पडते, पायांखाली गोधडीची वळकटी. एवढ्यानेही ठणका कमी होतो.

मालिशीबद्दल मात्र आजीबाईंशी भांडावं लागेल. आपली मालिश म्हणजे रगडणं. या पायांना रगडलं की जीव जातो आणि निळे डाग उठतात. हलक्या हाताने, वरच्या दिशेला, कुरवाळल्यासारखं चालेल. बाळंतपणानंतरही हेच लक्षात ठेवायचं, कारण तेव्हा तर मालिशवाल्या बाईला उत्साह जास्त असतो!

जेवण पोटभर. भाकरी, डाळ, पालेभाजी, शेंगदाणे, चालत असेल तर अंडी. लोहाच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तशा, चुकवायच्या नाहीत. याचा अर्थ गोड-तळलेलं मनमुराद खावं असा नाही. लिपिडिमाबरोबर साधा लठ्ठपणाही असू शकतो, साखरही वाढू शकते, म्हणून तीही तपासणी करून घ्यायचीच. लघवीची गोळी मात्र मनाने घेऊ नये. तिने पाणी जातं, चरबी जात नाही. चरबी काढण्याची शस्त्रक्रिया गरोदरपणात करत नाहीत. आणि 'बाळंतपणानंतर उतरेल' असा खोटा दिलासाही देऊ नये. नाही उतरलं की दोष पुन्हा तिच्याच डिंकाच्या लाडवांवर येतो.

आता तुम्ही म्हणाल, बाई, ज्या जिल्ह्यात अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवरून गरोदर बायांना बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावं लागतं, जिथे सिकलसेल आहे, कुपोषण आहे, तिथे हे पायांचं कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की मी नवं यंत्र मागत नाही, की नवा वॉर्ड. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची तपासणी होते, २०१६ पासूनची ही सरकारी मोहीम आहे. त्या दिवशी डॉक्टरने किंवा नर्सताईने प्रत्येकीच्या पायाला दोन मिनिटं हात लावावा. आशाताईंच्या प्रशिक्षणात एक चित्र दाखवावं: जड पाय, बारीक पाऊल, घोट्याशी कडं. झोळीतून आलेल्या बाईच्या वाट्याचं काहीही यात जात नाही. उलट, पाय बघायची सवय लागली तर रक्तदाबाची सूजही लवकर सापडेल, आणि ती तर तिलाही होते.

दुसरं मागणं भाषेचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या यादीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, लिपिडिमाला स्वतःचं स्थान आहे. आमच्या बोलण्यात मात्र शब्द नाही. शब्द नसला की त्या जागी टोमणा येतो. आयुष्यभर वर्गात मराठी शिकवलेल्या बाईला हे खटकणारच. मी घरात 'मेदसूज' म्हणायला लागले आहे. कुणाला याहून सोपा शब्द सुचला तर जरूर कळवा.

असो, बरंच लांबलं. भाचीचं हिमोग्लोबिन परवा १०.१ आलं. पाय आहेत तेवढेच आहेत. आपल्या नात्यातल्या लेकी-सुनांपैकी कुणाचे पाय असे असतील, दिवस गेलेले असोत वा नसोत, तर त्यांना हे वाचून दाखवा. आणि पुढच्या तपासणीला बरोबर जाणाऱ्याने, मग तो नवरा असो की सासू, डॉक्टरांना एवढंच म्हणावं: "जरा पाय बघता का?"