टायरचे विनिर्देश

लडाखमधील चांगथांग पठारावर चांगपा पशुपालकांच्या तळापर्यंत पशुवैद्यकाला पोहोचायचे, तर डांबरी रस्ता मध्येच सोडावा लागतो. पुढे धारदार दगडांची वाट. तेथे फोर-व्हील ड्राइव्ह वाहन अडते ते बहुधा टायरची बाजू चिरल्यामुळे. तरीही शासकीय मागणीपत्रात अनेकदा केवळ आकारमान नमूद होते आणि न्यूनतम दराचा, शहरी रस्त्यासाठी घडविलेला टायर पदरी पडतो.

दोष नियमांना देण्याची आपल्याकडे प्रथाच आहे. वस्तुतः सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ मधील नियम १४४ विनिर्देश संस्थेच्या विशिष्ट गरजा ध्यानात घेऊन स्पष्ट करावेत, असेच सांगतो. तेव्हा ऑल-टेरेन नक्षी, भक्कम बाजू आणि वाहन-उत्पादकाने ठरविल्याहून कमी नसलेला भारनिर्देशांक, हे निविदेपूर्वीच लिहावे. खोल खाचांचा मड-टेरेन टायर रुबाबदार दिसतो खरा. पण तो चिखलासाठी असतो, डांबरावर लवकर झिजतो.

माल स्वीकारताना बाजूवरील निर्मितीचे चार अंक वाचावेत. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. भांडारात वर्षानुवर्षे पडून राहिलेले रबर न वापरताही कठीण होते. स्टेपनीही त्याच प्रतीची हवी, आणि अशा वाटेवर एक नव्हे, दोन.