टर्पेंटाइनची बाटली चित्रकलेच्या वर्गात नको

मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरचा पारा चाळिशी सहज ओलांडतो. टर्पेंटाइनच्या वाफा ठिणगीने पेट घेण्याइतक्या दाट व्हायला साधारण ३५ अंश सेल्सिअस पुरतात. रॉकेलचंही तसंच, भारतीय मानकात त्यासाठी ठरवलेली किमान मर्यादा ३५ अंशांचीच आहे. म्हणजे उन्हाळी छंदवर्गात, पत्र्याच्या छपराखाली, उघड्या वाटीत टर्पेंटाइन ओतणं हा सरळसरळ धोका आहे. तरीही रंगीत पेन्सिलीचं काम गुळगुळीत दिसावं म्हणून टर्पेंटाइन, थिनर, जे हाताशी असेल ते कापसाच्या बोळ्याने चित्रावर फिरवायची युक्ती मोबाइलवरच्या व्हिडिओंतून घराघरांत पोहोचली आहे. शाळकरी मुलांच्या हातून ती काढून घ्यायला हवी, आणि काढून घेताना त्याऐवजी काय वापरायचं हेही त्यांना शिकवायला हवं.

रंगीत पेन्सिलीच्या कांडीत रंगद्रव्य असतं, पांढरी भुकटी असते आणि या दोन्हींना धरून ठेवणारा बांधक असतो. सगळी गोम या बांधकात आहे. फाबर-कास्टेल या जर्मन कंपनीने १९०८ साली बाजारात आणलेल्या पॉलिक्रोमोस पेन्सिली तेलाच्या बांधकाच्या म्हणून ओळखल्या जातात. प्रिझ्माकलर मेणाच्या. स्वित्झर्लंडच्या कारान दाश कंपनीने १९३१ मध्ये प्रिझ्मालो ही पाण्यात विरघळणारी पेन्सिल काढली. त्याच वर्षी मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकरांनी शाईचा धंदा सुरू केला, तो पुढे कॅम्लिन झाला आणि मराठी घरांतल्या कंपासपेट्यांपासून रंगपेट्यांपर्यंत सगळीकडे पोहोचला. शाळेत वापरल्या जाणाऱ्या बहुतेक साध्या रंगीत पेन्सिली मेणाच्या असतात. मेण पाण्याला दाद देत नाही, पेट्रोलियमपासून काढलेल्या स्पिरिटमध्ये मात्र सैल होतं. म्हणून ‘कोणतं द्रावक चांगलं?’ याच्या आधी ‘पेन्सिल कशाने बांधलेली आहे?’ हे विचारायला हवं. आपल्याकडे तो प्रश्न जवळजवळ कुणीच विचारत नाही.

हा प्रश्न न विचारल्याची किंमत संभाजीनगरपासून शंभर किलोमीटरवर, अजिंठ्यात मोजावी लागली. तिथली चित्रं मातीच्या गिलाव्यावर, कोरड्या पृष्ठभागावर, सरस-डिंकासारख्या बांधकात कालवलेल्या खनिज रंगांनी काढलेली आहेत. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या प्रतिकृती केल्या, तेव्हा रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश चढवलं गेलं. पुढे निजाम सरकारने १९२० ते १९२२ या वर्षांत लॉरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. सुटत चाललेला गिलावा त्यांनी जागेवर बसवला, हे त्यांचं मोठं काम. पण चित्रांवर लाखेचा थरही दिला. लाख काळानुसार पिवळी, मग तपकिरी पडत गेली आणि धूळ-काजळी धरून बसली. तो थर उतरवण्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना पुढे कित्येक वर्षं वेगवेगळी द्रावकं जपून वापरावी लागली आहेत. खालच्या रंगाचा बांधक दुखावू नये आणि वरची लाख तेवढी निघावी, असं द्रावक शोधणं हेच त्या कामातलं खरं कसब.

मुलाच्या चित्रवहीला अजिंठ्याचं मोल नसेल, पण रसायन तेच आहे. खोबरेल तेल किंवा बेबी ऑइल बोटावर घेऊन रंग फिरवला की क्षणभर सुंदर चकाकी येते. ही तेलं उडून जात नाहीत, वाळतही नाहीत. कागदात झिरपतात, मागच्या बाजूला डाग उमटतो आणि समोरच्या पानालाही लागतो. कोविडनंतर घरोघरी उरलेलं सॅनिटायझरही लोक वापरून बघतात. अल्कोहोलमध्ये मेण धड विरघळत नाही, जेलमधला घट्टपणा आणणारा पदार्थ चिकट थर ठेवतो, आणि पेट घेण्याच्या बाबतीत अल्कोहोल टर्पेंटाइनच्याही पुढे आहे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या थिनरमध्ये टोल्युइनसारखी द्रव्यं असू शकतात. त्याला तर चित्रकलेत जागाच नको. टर्पेंटाइन चीड वृक्षाच्या राळेपासून काढतात. त्याने त्वचेला ॲलर्जी होऊ शकते आणि बंद खोलीत डोळे-घसा चुरचुरतो.

मग मोठे चित्रकार काय वापरतात? तेलरंगांसाठी मिळतं तसं बिनवासाचं मिनरल स्पिरिट. त्यातली सुगंधी हायड्रोकार्बनं काढून टाकलेली असतात. गॅम्सोल या अमेरिकी द्रावकाच्या वाफा पेट घेण्याचं तापमान ६० अंशांच्या वर आहे, त्यामुळे मराठवाड्याच्या उन्हाळ्यातही ते टर्पेंटाइनपेक्षा बरंच सुरक्षित. पण वास येत नाही म्हणजे वाफ नाही, असं कुणी समजू नये. खिडक्या उघड्या हव्यात, बाटलीचं बूच लावलेलं हवं, आणि भिजलेले बोळे झाकणाच्या डब्यात टाकून बाहेर न्यायला हवेत.

द्रावकाचा फायदा खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पेन्सिलीचे दोन-तीन थर आधी चढलेले असले की स्पिरिटच्या अर्धवट कोरड्या ब्रशने रंग कागदाच्या खाचांत उतरतो, पांढरे ठिपके बुजतात. स्पिरिटने कागद पाण्यासारखा फुगत नाही, म्हणून पान वाकडं होत नाही. पूर्ण वाळल्यावर कागदाची खरखर बरीचशी शाबूत असते आणि वर आणखी थर देता येतात. ओल्यावर पेन्सिल चालवली तर मात्र कागद सोलला जातो. हे सगळं शिकण्याचं वय महाविद्यालयाचं आहे, सातवीचं नाही.

सातवीच्या मुलाला कोरडी साधनं पुरतात, आणि ती शिकायला जास्त संयम लागतो म्हणून जास्त शिकवतातही. पहिलं साधन म्हणजे पेन्सिलच. टोक सतत अणकुचीदार, हात हलका, रेघा लहान वर्तुळांत, एकावर एक पाच-सहा थर. पिवळ्यावर तांबडा आणि तांबड्यावर पुन्हा पिवळा दिला की नारिंगी कागदावरच तयार होतो. शेवटी पांढऱ्या पेन्सिलीने दाब देऊन घोटलं की रंग एकजीव होतात, थोडे फिकेही होतात. फिके नको असतील तर रंगहीन ब्लेंडर पेन्सिल घ्यावी. कागदाची गुंडाळी करून बनवलेला स्टंप कोळशाला आणि ग्रॅफाइटला उत्तम. मेणाच्या पेन्सिलीवर तो वरचाच थर हलवतो, म्हणून त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. घोटण्यात एक मेख आहे. एकदा खाचा दाबल्या गेल्या की वर नवा रंग बसत नाही, म्हणून हे काम अगदी शेवटी.

कागदाची निवड तर साधनांच्याही आधी येते. दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरच्या कागजीपुऱ्यात हातकागदाची परंपरा आहे. ती मुहंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली त्या काळापर्यंत मागे नेली जाते. लिहिण्यासाठीचा जुना हातकागद दगडाने घोटून गुळगुळीत करत, म्हणजे बोरू अडखळत नसे. रंगीत पेन्सिलीला याच्या अगदी उलट हवं असतं. गुळगुळीत, चकचकीत कागदावर दोन थरांनंतरच पेन्सिल घसरू लागते आणि मग मूल वैतागून थिनरकडे वळतं. थोडा खरखरीत, जाडसर ड्रॉइंग पेपर दिला तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

आपल्या हवामानाचा उपयोगही करून घेता येतो. उष्णतेने मेण मऊ होतं. एप्रिल-मेमध्ये पेन्सिल आपसूकच मऊ चालते, रंग सहज मिसळतात. परदेशातले काही चित्रकार याच कामासाठी कागदाखाली गरम होणारा फलक ठेवतात.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांमुळे महाराष्ट्रात रंगसाहित्य गावोगावी पोहोचलं आहे. इंटरमिजिएटचे गुण दहावीच्या निकालात मिळतात, म्हणून पालकही खर्चाला मागे हटत नाहीत. त्यामुळे या साहित्याबद्दल बोलण्याची जबाबदारी कला संचालनालयाचीही आहे. वर्गात ज्वालाग्राही द्रावक वापरू नये, अशी स्पष्ट सूचना शाळांना आणि खासगी वर्गांना जायला हवी. कंपन्यांनी प्रत्येक पेटीवर बांधक कोणता, मेण की तेल की पाण्यात विरघळणारा, हे मराठीत छापावं. रंग उजेडात किती टिकतो हे तपासण्याचं एएसटीएम डी ६९०१ हे मानक खास रंगीत पेन्सिलींसाठी आहे. आपल्या पेन्सिलींची तशी चाचणी होऊन निकाल पेटीवर यायला हवा. आणि संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात मुलाला घेऊन पेन्सिली आणायला जाणाऱ्या पालकांनी चोवीस रंगांच्या पेटीऐवजी बारा रंगांची घ्यावी, उरलेल्या पैशांत चांगला कागद, एक पांढरी पेन्सिल आणि धारदार शार्पनर घ्यावा.