शर्यत आमची, फलक दुसऱ्याचा का?

पुढाऱ्याचा वाढदिवस आला की तालुक्याला 'मॅरेथॉन' जाहीर होते. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. इथे पाचसुद्धा कोणी धड मोजत नाही. भाषणे संपेस्तोवर ऊन चढते, मग पोरे पळतात. घड्याळ कोणी लावत नाही. फोटो छापून येतो, तोही पुढाऱ्याचा!

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आपल्यासारख्याच कोरडवाहू मुलखातला. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्याने रौप्यपदक आणले. सुवर्ण हुकले ते अवघ्या ०.०५ सेकंदाने. कापसाला काटा मारला तर आम्ही व्यापाऱ्याशी भांडतो. मग पोरांच्या घामाचे माप अंदाजाने का?

म्हणून शर्यत आपणच भरवू. वेचणीचा जोर ओसरला की थंडीतच, उजाडता उजाडता. रस्ता टेपाने मोजून मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. पोलीस भरतीला हीच अंतरे लागतात. मुलींची शर्यत शेवटी उरकायची नाही, ती आधी सुटेल. प्रत्येकाची वेळ चिठ्ठीवर लिहून हातात द्यायची.

वर्गणी घरटी पायलीभर ज्वारी, बक्षीसही ज्वारीच. दवंडी द्या, शाळेच्या फळ्यावर लिहा, आठवडी बाजारात सांगा. बियाणे-औषधवाल्यांपुढे हात पसरू नका. फलक लावायचाच असेल तर त्यावर दोनच गोष्टी असोत: मोजलेले अंतर आणि पोरांची वेळ.