हूं म्हणणारा पाहिजे

“दिवसा कहानी सांगू नोको बापा, मामा वाट भुलते,” असं आमची ब्रह्मपुरीची आजी म्हणायची. दुपारी पोरांनी गोष्टीसाठी मागे लागू नये म्हणून तिनं काढलेली ही पळवाट, असं आम्हाला वाटायचं. ब्रह्मपुरीत मामा चुकून चुकून चुकणार कुठे? फार तर बसस्टँडवर सापडला असता. २०२५ च्या एप्रिलमध्ये गडचिरोलीतलं एटापल्ली मागे टाकून गट्ट्याच्या रस्त्याला लागलो. डांबरी सोडून पायवाटेवर आलो, तेव्हा कळलं की वाट चुकणं ही इथे थट्टेची गोष्ट नाही. दहा पावलांवर सगळी झाडं सारखीच दिसतात.

जुन्या काळचं रोजचं जगणं, गोष्टी आणि निरोप हा या दिवाळी अंकाचा विषय. तो ठरला तेव्हाच सुरुवात एटापल्लीपासून करायची, हेही ठरलं. एका माडिया आदिवासी गावात दुपारी पोचलो. तिथलाच एक शिक्षक दुभाष्या म्हणून सोबत होता. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती, म्हातारी ती हातानं उलटत होती. मी मोबाईल काढला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि म्हटलं, “आजी, एखादी गोष्ट सांगा.” तिनं आधी माझ्याकडे, मग उन्हाकडे पाहिलं आणि शिक्षकाला दोन शब्द सांगितले. “रात्री या म्हणते,” शिक्षक म्हणाला. का, ते विचारलं तर ती नुसती हसली. मोह उलटायचा राहिला होता, हेही कारण असेल.

रात्री गेलो. चांदणं होतं, चार घरची पोरं जमली होती. आजी बोलायला लागली तसा तिच्या गुडघ्याला टेकलेला एक मुलगा वाक्यावाक्याला “हूं” म्हणू लागला. माझी नजर मोबाईलवर होती. आवाजाची रेघ नीट वरखाली होते आहे ना, एवढंच मी बघत होतो. थोड्या वेळानं रेघ सपाट झाली. मला वाटलं मशीन बंद पडलं. पण मुलगा झोपला होता, आणि हूं थांबला म्हणून आजीही थांबली होती. शिक्षकानं मला कोपरानं ढोसलं. “कोणी ऐकत नाही का, असं विचारते.” मी घाईनं “हूं” म्हटलं आणि गोष्ट पुढे सरकली. ज्या भाषेतला एक शब्द मला येत नाही, त्या भाषेत मी त्या रात्री अर्धा-पाऊण तास हूं म्हणत बसलो होतो.

‘मौखिक परंपरा’ हा शब्द आम्ही संपादक मंडळी फार सैल हातानं वापरतो. त्यात सांगणारा असतो, त्याचा फोटो असतो, कधी सत्कारही असतो. हूं म्हणणाऱ्याला कोणी विचारत नाही. खरं तर आधी तोच उठून गेला.

गोंडी परंपरेतल्या लिंगोच्या महागीताचंच बघा. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी ते परधान गायकाकडून ऐकून उतरवलं. १८६३ मध्ये ते पाण्यात बुडून गेले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापून आणले, म्हणून ते गीत आज पुस्तकात वाचायला मिळतं. हिस्लॉप कॉलेजमुळे त्यांचं नाव नागपुरात रोज हजार तोंडी असतं, आणि ते असावंच. पण गाणाऱ्या परधानाला समोर हूं म्हणणारं गाव होतं. कागदावर तेवढंच उतरलं नाही.

निरोपांचीही तीच तऱ्हा. मराठीतला पहिला दिवाळी अंक १९०९ चा, का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’चा. आम्ही सगळे त्याच वंशाचे. तो मुंबईत निघाला, आणि पुढच्याच फेब्रुवारीत इंद्रावतीपलीकडे बस्तरमध्ये भूमकालचा उठाव पेटला. त्याची खबर छापील नव्हती. आंब्याच्या डहाळीला लाल मिरच्या बांधून ती एका गावानं दुसऱ्या गावाला द्यायची. त्या निरोपाला डारा-मिरी म्हणत. अक्षर एक नाही, पण ज्याच्या हाती डहाळी आली त्यानं तुरुंगात जायच्या तयारीनंच ती पुढे न्यायची होती. आज व्हॉट्सॲपवर ‘जास्तीत जास्त शेअर करा’ म्हणणारा बोटापलीकडे काहीच पणाला लावत नाही.

आपल्या बाजूला त्याच्याही आधीचं एक प्रकरण आहे. २९ एप्रिल १८५८ ला प्राणहितेच्या काठी चिंचगुंडीच्या तळावर मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके आणि व्यंकटराव यांच्या माणसांनी हल्ला केला. त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोन इंग्रज मारले गेले, पीटर नावाचा तिसरा निसटला. मारले गेलेले दोघे तारखात्याचे नोकर होते. ते तारखात्याचे होते म्हणूनच मारले, असा दावा मी करणार नाही. पण या जंगलात तार पहिल्यांदा आली तेव्हा ती कोणाचा निरोप कोणाकडे नेणार होती, हे इथल्या माणसांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. बाबूरावांना २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. पुढे टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं. तारेची सेवा मात्र २०१३ च्या जुलैत कायमची बंद झाली. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरलाच आलं. एटापल्लीकडे ही तारीख कोणाला पंचांगात शोधावी लागत नाही.

याचा अर्थ तो काळ सोन्याचा होता असा नाही. तसं लिहिणारे लेख याही वर्षी आले होते, साभार परत गेले. चारोळीच्या मापाला मीठ घेऊन फसणारी माणसं याच भागातली. मुलगी सासरी आजारी पडली तर तिचा निरोप चालत यायचा, आणि कधी कधी येईपर्यंत त्याचा अर्थ बदललेला असायचा. हेमलकशाला १९७३ च्या डिसेंबरात लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना औषधांच्या आधी माडिया शिकावी लागली. पोट कुठे दुखतं हेच कळलं नाही, तर गोळी कसली देणार? पुढे ऐंशीच्या दशकापासून या गावांत बोलण्यावरच भीतीचं सावट आलं. आज गावात कोण आलं होतं, काय म्हणालं, हे साधे प्रश्न. पण नक्षलवादी आणि पोलीस, दोन्हीकडच्या बंदुका तेच विचारू लागल्यावर माणूस गप्प राहायला शिकतो. गोष्टी टीव्हीनं मारल्या असं आपण शहरात बसून म्हणतो. इथे टीव्ही फार उशिरा आला, गप्प बसणं त्याआधीच आलेलं होतं.

गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी मार्गावर एस.टी. धावू लागली ती १ जानेवारी २०२५ पासून. स्वातंत्र्यानंतर सत्याहत्तर वर्षांनी. त्या रस्त्यानं जाताना कडेला माडियांनी आपल्या मृतांसाठी उभे केलेले दगड दिसले. एक कंबरेएवढा, एक त्याला टेकलेला, पायथ्याशी वाळकी पानं. नाव नाही, तारीख नाही. हा कोणाचा, असं विचारलं तर शिक्षकानं चालता चालता चार दगडांची चार माणसं सांगितली. पाचव्यापाशी तो थांबला. “हे माझ्या बाला माहीत होतं,” म्हणाला, आणि आम्ही पुढे निघालो.

उत्तरेकडे, आमच्या झाडीपट्टीत, चित्र जरा वेगळं आहे. दिवाळी झाली की मंडई भरते आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा म्हणजे आमची नाटकांची बाजारपेठ. पडदा रात्री उघडतो आणि उजाडल्यावरच पडतो, कारण परगावचा प्रेक्षक मध्यरात्री जंगलातून परत जाणार कसा? परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा कौतुक नटाचं झालं, आणि रास्तच झालं. पण पहाटे चारला कांबळं पांघरून शिट्टी मारणारा तो प्रेक्षक म्हणजे आमचा हूं म्हणणाराच. तो आहे तोवर झाडीपट्टीला अनुदानाची फार काळजी करावी लागणार नाही, असं मला वाटतं. काही मित्रांना हे पटत नाही. त्यांचा लेख आत आहे.

आजीची गोष्ट मात्र या अंकात नाही. रेकॉर्डिंग आहे, शिक्षकानं केलेला मराठी अर्थही आहे. छापू का, असं त्याच्यामार्फत विचारलं, तर तिनं उलट विचारलं, तुमचं पुस्तक लोक दिवसा वाचतात की रात्री? खोटं बोलवेना. मजकूर पाकिटात घालून तिच्या नातवाकडे पोचवला.

पुढच्या अंकासाठी गोष्टी, निरोपांच्या आठवणी, दवंडीचे किस्से पाठवावेत. माडिया, गोंडी, झाडीबोली, तेलुगू-मराठी मिश्र, कोणत्याही बोलीत चालेल, लिपी देवनागरी असावी. सांगणाऱ्याची परवानगी घ्या, गाव लिहा, आणि ऐकताना हूं कोण म्हणत होतं तेही लिहा. मजकूर ३१ मेपर्यंत पोचला पाहिजे.