पुलगावचा पहारा : संरक्षण मंत्रालयास खुले पत्र

प्रति,
मा. संरक्षणमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली

वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यात पुलगाव येथे भारतीय सैन्याचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. सुमारे ७ हजार एकरांवर पसरलेले हे देशातील सर्वांत मोठे दारूगोळा भांडार मानले जाते. त्याच्या फाटकांवरील आणि कुंपणावरील सशस्त्र पहारा नेमका कोणापासून कोणाचे रक्षण करतो, या प्रश्नाकडे मंत्रालयाचे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र आहे.

लष्करी तळांवरील असा पहारा बहुतांशी संरक्षण सुरक्षा दलाकडे, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील डीएससीकडे असतो. फेब्रुवारी १९४७ मध्ये उभारलेल्या या दलात मुख्यतः सेनादलांतून निवृत्त झालेले जवान पुन्हा भरती होतात, आणि ज्या वयात त्यांचे समवयस्क शेतीकडे किंवा एखाद्या बँकेच्या दारावरील नोकरीकडे वळतात त्या वयात हे जवान पुन्हा रायफल घेऊन रात्रपाळीला उभे राहतात. दारूगोळा भांडाराच्या फाटकावर त्यांचे काम ओळखपत्र पाहून संपत नाही. स्फोटक क्षेत्रात, म्हणजे जेथे दारूगोळा प्रत्यक्ष साठवला जातो त्या बंदिस्त भागात, जाणाऱ्या प्रत्येकाकडून काडेपेटी, लायटर यांसारख्या ठिणगी पाडू शकणाऱ्या वस्तू काढून घेणे हाही त्या पहाऱ्याचाच भाग असतो. पहारेकऱ्याच्या बंदुकीइतकेच त्याच्या झडतीलाही येथे महत्त्व आहे, आणि ही गोष्ट सुरक्षेच्या चर्चेत क्वचितच येते.

चर्चेत येतो तो घुसखोर. २ जानेवारी २०१६ रोजी पठाणकोटच्या हवाई तळावर झालेल्या हल्ल्यात या दलाचे पाच जण धारातीर्थी पडले. त्यांपैकी शिपाई जगदीश चंद यांनी हाती शस्त्र नसताना एका हल्लेखोराशी झटापट करून त्याचेच शस्त्र हिसकावले व त्याला ठार केले, आणि त्यांना मरणोत्तर कीर्तिचक्र देण्यात आले. त्या हल्ल्यानंतर लेफ्टनंट जनरल फिलिप कॅम्पोस यांच्या अध्यक्षतेखाली लष्करी तळांच्या सुरक्षेचा आढावा घेणारी समिती नेमली गेली आणि तिने मे २०१६ मध्ये अहवाल सादर केला. त्याच महिन्याच्या अखेरच्या रात्री पुलगाव पेटले, आणि तेथे कुंपण ओलांडून कोणीही आलेले नव्हते.

३० व ३१ मेच्या दरम्यानच्या त्या रात्री रणगाडाविरोधी सुरुंग साठवलेल्या एका शेडला आग लागली, पाठोपाठ स्फोट झाले, आणि दोन लष्करी अधिकाऱ्यांसह १९ जणांचा बळी गेला. मृतांमध्ये सर्वाधिक संख्या आगीकडे धावून गेलेल्या अग्निशमन कर्मचाऱ्यांची होती, आणि त्यांच्यासोबत सुरक्षा दलाचा जवानही होता. आगरगाव, नागझरी आदी गावांतील लोकांना हादऱ्यांनी जाग आली आणि ते मिळेल त्या वाहनाने देवळीकडे निघाले. संकटाची पहिली सूचना त्यांना अधिकाऱ्याकडून नव्हे, तर स्फोटाकडूनच मिळाली. तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर त्याच दिवशी पुलगावला आले होते.

दुसरी घटना फाटकाबाहेरची आहे, आणि ती अधिक अस्वस्थ करणारी आहे. २० नोव्हेंबर २०१८ रोजी सोनेगाव आबाजी परिसरातील निकामीकरण मैदानावर, म्हणजे जेथे कालबाह्य दारूगोळा मुद्दाम स्फोट घडवून नष्ट केला जातो तेथे, पेट्या उतरवताना स्फोट होऊन सहा जण मृत्युमुखी पडले. त्यांत जबलपूरच्या खमरिया आयुधनिर्माणीचा एक कर्मचारी होता, तर इतर बहुतेक जण आसपासच्या गावांतील रोजंदारी मजूर होते. अशा मैदानावरील काम संपले की उरते ते धातूचे भंगार, आणि त्या भंगारापायी कोरडवाहू शेतीवर जगणारी माणसे जीव धोक्यात घालतात. त्यांना हटकणाऱ्या जवानाला ती घुसखोर दिसतात. वास्तविक आपल्याच भांडाराच्या धोक्यात ढकलली गेलेली ती शेजारी असतात.

कायदाही या शेजाऱ्यांना ओळखतो, पण बंधन घालण्यापुरताच अधिक. १९०३ च्या संरक्षण बांधकाम कायद्यान्वये अधिसूचना काढून संरक्षण स्थळाभोवती २ हजार यार्ड, म्हणजे सुमारे १८३० मीटर, अंतरापर्यंत बांधकामावर निर्बंध घालता येतात आणि त्यापोटी नुकसानभरपाईची तरतूदही त्याच कायद्यात आहे. शेतकऱ्याने गोठा कोठे बांधू नये हे सांगणाऱ्या व्यवस्थेने आग लागल्यास त्याने कोणत्या रस्त्याने निघावे हेही सांगायला हवे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. गोपनीयतेची सबब येथे टिकत नाही, कारण गावाला साठ्याचा तपशील नको असून फक्त वेळेवर इशारा हवा आहे.

म्हणून मंत्रालयाने पुलगावच्या पहाऱ्याच्या स्थायी आदेशांत, म्हणजे पहारेकऱ्याने कोणत्या प्रसंगी काय करावे हे ठरवणाऱ्या लेखी सूचनांमध्ये, भोवतालच्या गावांना इशारा देण्याचे कर्तव्य स्पष्टपणे घालावे. आगीची खूण दिसताच पहारा-चौकीवरून भोंगा वाजावा आणि संबंधित गावांचे पोलीस पाटील व देवळीचे तहसीलदार यांना थेट निरोप जावा, वरिष्ठांच्या परवानगीची वाट पाहत तो अडकू नये. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण असते. त्याच्याबरोबर वर्षातून एकदा तरी, आणि तीही रात्रीच्या वेळी, गावकऱ्यांसह सराव घ्यावा. निकामीकरण मैदानावर आणल्या जाणाऱ्या प्रत्येक मजुराची नोंद पहाऱ्याकडे राहावी, आणि ज्याला धोक्याची माहिती व संरक्षक साधने दिलेली नाहीत त्याला तेथून परत पाठवण्याचा अधिकार त्या चौकीवरील जवानाला असावा, मग ठेकेदाराची कितीही घाई असो.